सर्पदंशाची बातमी ‘लस नव्हती’ इथेच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की ग्रामीण आवृत्त्यांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. गाव बदलते, तालुका बदलतो, मजकूर तोच. ‘सर्पदंशाने शेतकरी महिलेचा मृत्यू, आरोग्य केंद्रात लस नसल्याचा नातेवाइकांचा आरोप.’ त्याखाली वैद्यकीय अधिकाऱ्याचा खुलासा असतो की लस उपलब्ध होती. मग लोकप्रतिनिधींची भेट, चौकशीचे आश्वासन, आणि बातमी संपते. तुटवडा पडतो हे खरेच आहे, ते झाकायचे नाही. पण कपाटात लस असतानाही माणसे जातात. ती का जातात, हे या बातम्यांतून कधीच कळत नाही. ते बातमीत यावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, कात्री लावावीच लागली तर आकडे तेवढे राहू द्या.

सुरुवात ‘लस’ या शब्दापासूनच करावी लागेल. लस निरोगी माणसाला आधी टोचतात, त्याच्या शरीराने स्वतः प्रतिकार तयार करावा म्हणून. सापावर जे देतात ते प्रतिविष. घोड्याला सापाच्या विषाच्या थोड्या-थोड्या मात्रा वाढवत देतात, त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात ती काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. दवाखान्यात सगळे त्याला ‘एएसव्ही’ म्हणतात. त्यासाठी लागणारे विष मुख्यत्वे चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येते आणि आपल्याकडच्या मुंबईच्या हाफकिन संस्थेसह मोजके उत्पादक ते प्रतिविष बनवतात. ते चारच सापांवर चालते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सह्याद्रीतल्या चापडा या सापावर ते काम करत नाही. चापडा चावलेल्या माणसाचा हात सुजतो, ठणकतो, पण त्याला दहा बाटल्या देऊन उपयोग शून्य. जीवही सहसा जात नाही.

शब्दाचा हा कीस काढण्याचे कारण असे, की ‘लस’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक टोचणी येते. ‘इंजेक्शन दिलं का?’ एवढेच विचारतात. ‘दिलं’ म्हटले की सुटकेचा निश्वास. पण किती दिले, कधी दिले आणि दिल्यानंतर कोण बघत बसले, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात.

आता हिशेब बघा. एएसव्हीची एक वायल म्हणजे पांढरी पावडर असलेली छोटी बाटली. तिच्यात १० मिली पाणी घातले की औषध तयार. त्यातले १ मिली औषध घोणसीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे एक बाटली ६ मिलिग्रॅम. पूर्ण वाढलेली घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. यावरून पहिला डोस दहा बाटल्यांचा ठरला आहे. मूल तीन वर्षांचे असो की माणूस ऐंशी किलोचा, डोस तोच. सापाने मूल बघून विष कमी सोडलेले नसते. म्हणून ‘आरोग्य केंद्रात दहा वायल शिल्लक होत्या’ या खुलाशाचा अर्थ ‘साठा होता’ असा लावू नका. तो एका रुग्णाचा पहिला डोस झाला. वीस असतील तर दोघांचा. त्यातही घोणसीच्या रुग्णाला सहा तासांनी पुन्हा पाच ते दहा लागू शकतात, आणि एकूण वीस-पंचवीसच्या पुढे आकडा गेला तरी आश्चर्य नाही. पावसाळ्यात एका रात्रीत दोन रुग्ण आले की कपाट रिकामे. मागच्या वर्षीच्या नोंदीवर यंदाचा इंडेंट, म्हणजे औषधांचे मागणीपत्रक, भरणाऱ्या यंत्रणेला हे अचानक वाटते. अचानक त्यात काही नसते.

इथे एक चूक इतकी सरसकट होते, की ती चूक वाटेनाशी झाली आहे. दोन बाटल्या देऊन रेफर करणे. साठा वाचवायचा असतो, रिॲक्शनची भीती असते, बाहेर शंभर माणसे जमलेली असतात, आणि ‘काहीच दिलं नाही’ असे कोणी म्हणू नये एवढी काळजी असते. दोन बाटल्या म्हणजे १२ मिलिग्रॅमची सोय. उरलेले पन्नास मिलिग्रॅम विष रुग्णवाहिकेत रुग्णासोबत जिल्ह्याला जाते. केसपेपरवर मात्र ‘एएसव्ही गिव्हन’ अशी नोंद होते आणि दुसऱ्या दिवशीच्या खुलाशात ‘लस देण्यात आली होती’ हे खरेच ठरते. द्यायचे तर पूर्ण दहा द्यायच्या. गाडी येईपर्यंत सुरू करायच्या आणि सलाईन चालू ठेवूनच पुढे पाठवायचे.

उलट बाजूची चूकही आहे, आणि तिला आपली वर्तमानपत्रे थोडी जबाबदार आहेत. विषाचे एकही लक्षण नसताना केवळ ‘साप चावला’ म्हणून एएसव्ही लावणे. आपल्याकडे चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात; धामण, दिवड, कवड्या, कुकरी हे रोजचे. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. कोरडा चावा पुष्कळदा असतो. अशा माणसाला घोड्याची प्रथिने शिरेतून देण्याने फायदा काहीच नाही, त्रास मात्र होऊ शकतो : अंगावर गांधी उठणे, थंडी वाजून येणे, दम लागणे, रक्तदाब एकदम खाली जाणे. म्हणून पहिली बाटली फोडण्याआधीच ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे असते; मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत. कातडीखाली थोडे टोचून बघायची ‘टेस्ट’ काही ठिकाणी अजून करतात. तिच्यावरून रिॲक्शन येणार की नाही हे कळत नाही, उलट वेळ जातो. रिॲक्शन आली तर सलाईन थांबवायचे, ॲड्रिनलिन द्यायचे, माणूस सावरला की पुन्हा हळू सुरू करायचे. रिॲक्शन आली म्हणून विष निघून गेलेले नसते, तरी इथेच घाबरून औषध कायमचे बंद केल्याची उदाहरणे सापडतात.

मग द्यायचे कधी? याचे उत्तर देणारी तपासणी काही रुपयांच्या काचेच्या नळीत होते. शिरेतून काढलेले २ मिली ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या परीक्षानळीत घालायचे, नळी सरळ उभी करून ठेवायची, आणि घड्याळ लावून वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. रक्ताची गाठ बसून राहिली तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात शिरले आहे आणि एएसव्ही लगेच सुरू करायचे. ही तपासणी शिपाईसुद्धा शिकू शकतो. तरी ती फसते, आणि फसण्याची कारणे अगदी घरगुती आहेत. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असते. साबणाचा अंश राहिला तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही. नळी प्लास्टिकची असते. काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते, तशी ती प्लास्टिकमुळे होत नाही. कोणी तरी पाचव्या मिनिटाला उत्सुकतेने नळी हलवतो. किंवा ती खिडकीत ठेवून सगळे दुसऱ्या रुग्णाकडे जातात आणि पाऊण तासाने आठवण होते. शंका असेल तर शेजारी दुसऱ्या नळीत एखाद्या धडधाकट नातेवाइकाचे रक्त ठेवावे. तेही गोठले नाही तर दोष नळीचा.

गंमत अशी की प्रयोगशाळा आधुनिक झाल्या तशी साधी काचेची नळी दवाखान्यातून हद्दपार झाली. सगळीकडे रंगीत टोपणांच्या प्लास्टिक नळ्या. अद्ययावत यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो तुमच्याकडे छापून येतो. कोऱ्या काचेच्या नळ्यांचे पाकीट त्या केंद्रात आहे का, हे कोणी विचारत नाही. पहिली तपासणी ठीक आली तरी पहिले तीन तास दर तासाला आणि मग चोवीस तासांपर्यंत दर सहा तासांनी ती पुन्हा करायची असते, कारण विष सावकाश पसरते. एएसव्ही दिल्यानंतरची तपासणी मात्र सहा तासांनीच. एएसव्ही विष बांधून टाकते, रक्त गोठवत नाही. गोठण्याचे घटक यकृत नव्याने तयार करते, त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. दर तासाला ‘अजून गोठत नाही’ म्हणून बाटल्यांवर बाटल्या चढवणे म्हणजे यकृताला घाई करणे आणि साठा संपवणे.

घोणसीबद्दल आणखी एक. रक्त गोठू लागले म्हणजे सुटलो असे नाही. मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका तिच्याच चाव्यात मोठा असतो. चोवीस तासांत लघवी किती झाली हे मोजून लिहिले पाहिजे. ‘लघवी होते आहे’ ही नोंद बिनकामाची. किती मिली ते हवे. ती कमी होत चालली, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) वाढू लागले, की डायलिसिस असलेल्या ठिकाणी वेळेत हलवायचे, चेहरा सुजण्याची वाट बघायची नाही. आणि सुजलेला पाय टचटचीत दिसतो म्हणून रक्त गोठत नसताना त्यावर चिरा देणे हा प्रकार बंद झाला पाहिजे. त्याने रक्तस्राव थांबवता थांबत नाही.

आता मण्यार. सर्पदंशाच्या बातम्यांमध्ये सर्वांत चुकीची लिहिली जाणारी बातमी तिची असते. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दुखत जवळजवळ नाहीच. सूज नाही. दातांच्या खुणा भिंगातूनही दिसतील याची खात्री नाही. माणूस मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उठतो तो पोटात कळा येतात म्हणून. कधी घसा धरल्यासारखा होतो, कधी उलटी. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन मिळते आणि तो घरी येऊन पडतो. तासा-दोन तासांनी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, थुंकी गिळवत नाही, बोलणे नाकातून येते. मग मान धरवत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. शुद्ध असते, ऐकू येत असते, फक्त डोळे उघडता येत नाहीत आणि श्वास घेता येत नाही. नातेवाइकांना वाटते झोप लागली.

मण्यारीच्या रुग्णात काचेच्या नळीतले रक्त व्यवस्थित गोठते. म्हणून ‘ब्लड टेस्ट नॉर्मल’ ऐकून कोणी घरी जाऊ नये. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण नसताना पोटदुखी आणि पापण्या जड, एवढ्यावरून मण्यारीचा संशय घ्यायचा, साप दिसलेला असो की नसो. बघण्याची रीत सोपी आहे. छताकडे बघत राहायला सांगा. मिनिटभरात पापण्या खाली येतात का? एका दमात आकडे मोजायला सांगा. चांगला माणूस सहज तीसपर्यंत जातो. दर अर्ध्या तासाला तो आकडा कागदावर लिहा. अठ्ठावीस, बावीस, पंधरा असा उतरत चालला तर श्वास आता जाणार हे ऑक्सिजनचे बोटाला लावायचे यंत्र सांगण्याच्या आधी कळते. ते यंत्र बऱ्याच उशिरापर्यंत अठ्ठ्याण्णव दाखवत राहते आणि सगळ्यांना गाफील ठेवते.

या ठिकाणी ‘लस होती की नव्हती’ हा प्रश्न जवळजवळ गैरलागू होतो. मण्यारीचे विष मज्जातंतूची टोके आतून खराब करते. एकदा ती खराब झाली की एएसव्ही ती दुरुस्त करत नाही. फक्त रक्तात मोकळे असलेले विष बांधते. म्हणून दहा बाटल्या लवकर द्यायच्याच, पण त्याने पापण्या उघडतील अशी आशा धरायची नाही. नवी टोके तयार व्हायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस त्या माणसाचा श्वास दुसऱ्याने घ्यायचा असतो. व्हेंटिलेटर जिल्ह्याला असेल, पण तिथपर्यंत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायची पिशवी, पुरते. मिनिटाला दहा-बारा वेळा, छाती उचललेली दिसेल इतकी दाबायची. हात थकतो म्हणून दोघांनी आळीपाळीने. मण्यारीचा रुग्ण असा जगवला तर बहुतेक वेळा काहीही मागे न राहता उठून घरी जातो. इतक्या गंभीर दुखण्यांत असे फार थोड्यांच्या नशिबी असते. नागाच्या चाव्यात तर अॅट्रोपिन देऊन त्यापाठोपाठ निओस्टिग्मिन दिले की पापण्या अर्ध्या तासात उघडतानाही दिसतात. ही दोन्ही औषधे अतिशय स्वस्त आहेत. त्यांच्या साठ्याविषयी बातमी आलेली पाहण्यात नाही.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव विंचूदंशामुळे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्यांनी वापरलेले प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी होती. तिच्यामागे मात्र रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या तासातासाच्या नोंदी होत्या. सर्पदंशात आज कमी पडते ते तेच.

दवाखान्याच्या दारापर्यंत येण्याआधीचा भाग तर बातमीत एका ओळीत उरकतो. २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीत सर्पदंशाने गेलेल्यांपैकी ७७ टक्के माणसे रुग्णालयाबाहेरच गेलेली आढळली. त्यांच्यापर्यंत लस हा प्रश्न पोचलाच नाही. गावात ‘साप चावला’ असे तोंडाने म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात, ‘जनावर डसलं’ म्हणतात. रात्री त्याचे नाव काढायचे नाही. मग आधी भगत किंवा देवाचा ओटा. कडुनिंबाचा पाला चावायला देतात, कडू लागला तर विष नाही म्हणे. भगताचे यश कशात आहे ते वर आलेच आहे : बिनविषारी साप आणि कोरडे चावे. दहांतले सात-आठ त्याने काही न करताही बरे झाले असते. ते गावभर सांगतात. उरलेले सांगायला राहत नाहीत. भगताला शिव्या देऊन काही होणार नाही. ‘आधी गाडी बोलाव, मग अंगारा लाव’ एवढे त्याच्याकडून वदवून घेतले तरी पुष्कळ. काही ठिकाणी आशाताईंनी हे जमवले आहे.

प्रथमोपचार छापताना तरी जुना मजकूर पुन्हा उचलू नका. दोरी करकचून बांधणे, ब्लेडने चीर देणे, तोंडाने ओढणे, बर्फ लावणे, मिरची किंवा दारू पाजणे, यातले काहीही करायचे नाही. आवळपट्टीने विष थांबत नाही, पण हात-पाय काळा पडू शकतो. बांधून आलेला रुग्ण दवाखान्यात पोचल्यावर ती गाठ कोणी उत्साहाने एकदम सोडली तर अडकलेले विष एका लोंढ्यात वर जाते. आधी शीर पकडून, औषध आणि अंबू बॅग हाताशी ठेवून मगच सैल करायची. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला सैल बांधावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत; सूज चढल्यावर ते कापावे लागतात. माणसाला चालवू नये. १०८ ला फोन करावा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये, मागून तिसऱ्याने धरलेला, असे नेलेले चालते. इथे तिघे बसले म्हणून कोणी पावती फाडणार नाही. उलटी होत असेल किंवा गिळता येत नसेल तर गाडीत डाव्या कुशीवर निजवावे. साप मारून पिशवीत आणू नये. मेलेल्या सापाचे तोंडही काही वेळ चावू शकते आणि त्याच्या शोधात पाऊण तास जातो. दुरून मोबाईलवर फोटो मिळाला तर घ्यावा. नाही मिळाला तरी अडत नाही, उपचार लक्षणांवर ठरतात.

आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. ही वेळ हेच या सगळ्याचे मर्म आहे, बातमीत ती सापडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, मेडिकल कॉलेज अशी रुग्णाची पायरी-पायरीने बदली होते. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी चौकशी, आणि मागच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीनच शब्द : ‘स्नेक बाईट, रेफर्ड’. पुढच्या डॉक्टरला त्यावरून काय कळणार? चावा किती वाजता, पहिले लक्षण किती वाजता, रक्ताच्या नळीचा निकाल किती वाजताचा, किती वायल आणि कधी सुरू केल्या, निओस्टिग्मिन दिले का, श्वासाचा आकडा किती होता, एवढे अर्ध्या पानात मावते. ते नसेल तर वरच्या रुग्णालयात सगळे शून्यापासून सुरू होते. ‘पुढे पाठवले’ हा शब्द वाचकाला तत्परतेचा वाटतो. रुग्णवाहिकेत श्वास देऊ शकणारा माणूस सोबत नसेल तर मण्यारीच्या रुग्णाला दोन तासांच्या प्रवासाला पाठवणे ही तत्परता म्हणायची का, हे तुमच्या वार्ताहराने विचारायला हवे.

या मृत्यूंची मोजदादही नीट होत नाही. जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीत येणारे आकडे याच्या जवळपासही नसतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्याचे लक्ष्य. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा ‘अधिसूचित’ आजार करावा, म्हणजे खासगी दवाखान्यांनाही प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक करावे, असे सांगितले. तुमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांतून दर महिन्याला किती नोंदी येतात, ही माहिती मागून छापली तर साठ्याचा अर्धा गोंधळ कुठून येतो ते दिसेल. ज्या तालुक्याची नोंद शून्य, त्याचा इंडेंटही कमी.

वीज हा आरोग्याच्या पानावरचा विषय समजला जात नाही, पण आहे. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच वीज असेल तर शेतकरी रात्री एक वाजता दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारच, आणि घोणस तेव्हाच बांधावर उंदरामागे असते. ती माणसाच्या चाहुलीने पळत नाही, वेटोळे घालून कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. इंजिनच्या आवाजात ते ऐकू येत नाही. बहुतेक चावे घोट्याच्या आसपास असतात. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट आणि कपाळाला लावायची बॅटरी एवढ्याने त्यातले बरेच टळतात, पण चिखलात बूट रुततात म्हणून ऊसवाले घालत नाहीत, हेही खरे. दिवसा वीज मिळाली तर तो प्रश्नच राहत नाही. मण्यारीसाठी खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी काही कामाची नाही.

विनंती एवढीच, की पुढची बातमी लिहिताना वार्ताहराने आरोप आणि खुलासा यांच्यामधल्या जागेत घड्याळ ठेवावे. चावल्याची वेळ, पहिल्या दवाखान्यात पोचल्याची वेळ, पहिली वायल सुरू झाल्याची वेळ, एकूण वायलचा आकडा, आणि श्वास लागल्यावर अंबू बॅग कोणाच्या हातात होती. नातेवाईक सांगतील, केसपेपरही सांगेल. चोवीस तास देखरेखीखाली ठेवले होते की खाट नाही म्हणून तासाभरात घरी पाठवले, तेही विचारावे. लस संपलेली असेल तर ठळक मथळ्यात छापा. किती वाजता संपली तेही छापा.

आपला,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी
(नाव न छापण्याची विनंती)

ता. क. : मण्यारीच्या बातमीसोबत फणा काढलेल्या नागाचे चित्र छापता ते कृपया बदला. लोक त्यावरून फणा नव्हता, म्हणजे विषारी नव्हता, असा अर्थ लावतात. मण्यार काळीभोर, निळसर झाक असलेली. अंगावरचे पांढरे आडवे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात, आणि बहुधा जोडीजोडीने असतात. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होत जातात. दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी छापले तर ते पान लोक कापून भिंतीला लावतील.